‘पडझड’च्या बाई

बाई न्हाणीत पडल्या, हे मला सकाळच्या एस.टी.त कळलं. दुसऱ्या वर्षाच्या वर्गातली शैला पुढच्या सीटवरून उठून माझ्यापाशी आली आणि वरचा दांडा घट्ट धरून म्हणाली, “सर, आमच्या बाई गेल्या. काल सांजेक. न्हाणीत पडल्या.” तिकीट फाडता फाडता कंडक्टरचा हात थांबला. अशा वेळी माणूस काय विचारतो? कधी, कशा, कोण होतं जवळ... मी विचारलं, “खरंच पडल्या?” शेजारच्या माणसानं माझ्याकडे वळून पाहिलं. शैलाला मात्र माझा प्रश्न विचित्र वाटला नाही. ती बाईंचीच विद्यार्थिनी. म्हणाली, “व्हय सर. खरांच पडल्या. घरात फक्त तेंची आई होती.”

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, डोक्यातली शीर फुटली होती, त्यामुळे त्या पडल्या. आता महिना उलटून गेला. बाईंबद्दल लिहा असं पुरवणीच्या संपादकांनी सुचवलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो होतो. त्यांच्याविषयी चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला जे लिहायचं आहे ते बाईंविषयी थोडं आणि माझ्याविषयी जास्त होईल, अशी भीती होती. ती अजूनही आहे. पण ते मी लिहिलं नाही तर दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही.

वासंतीबाई आमच्या कॉलेजात मराठी शिकवायच्या, मी इतिहास. आमचा जिल्हा वेगळा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती आणि कॉलेज तर इतकं लहान की स्टाफरूममध्ये कुणाच्या डब्यात काय आहे ते सगळ्यांना वासावरून कळायचं. कॉलेजांनी स्त्री-अभ्यासाचे वर्ग सुरू करावेत असं विद्यापीठाचं पत्र आलं. प्राचार्यांनी ते वाचून दाखवलं आणि हशा झाला. “म्हणजे लोणची घालायला शिकवायची काय?” एक जण म्हणाले. दुसऱ्यांनी त्यावर कडी केली, “आमच्या घरी रोज अभ्यास असतो, तोंडी परीक्षाही असते.” मीही हसलो. बाई पेपर तपासत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “खोली कोणती देणार, तेवढं सांगा.”

खेळाच्या सामानाची खोली मिळाली. हवा गेलेले फुटबॉल, हॉकीच्या काठ्या, भाले, लोखंडी गोळे. बाईंनी ते सगळं एका भिंतीला लावलं आणि उरलेल्या जागेत एक टेबल आणि चार बाकडी टाकली. अभ्यासक्रमाची पुस्तकं आली नव्हती, तेव्हा त्या मुलींना म्हणाल्या, “पुस्तकं येतील तेव्हा येतील. तोवर आपल्या बायका कुठे कुठे पडतात ते बघूया.”

या ‘पडण्या’विषयी सांगायला हवं. आमच्याकडे ज्या बाईला नवरा मारतो ती डॉक्टरला, शेजारणीला, माहेरच्या भावाला एकच उत्तर देते... “पडलंय.” म्हणजे पडले. दात पडलेला असला तरी पडलंय, हात मोडलेला असला तरी पडलंय. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणारीलाही ठाऊक असतं की ऐकणाऱ्याला ठाऊक आहे. शब्द मध्ये आडव्या पडद्यासारखा राहतो. बाईंनी तो पडदा ओढून फाडला नाही. ‘तो मारतो का’ असं विचारलं की बाई पदर सावरून उठून जाते, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी मुलींना दोन प्रश्न शिकवले. पहिला, “खंय पडलंस?”, म्हणजे कुठे पडलीस. त्याचं उत्तर बाई देते, कारण त्यात कुणाचं नाव नसतं. चुलीपाशी, गोठ्यात, मागीलदारी. मग थोडं थांबायचं आणि दुसरा विचारायचा, “आणि तो खंय होतो?”

बाजाराच्या दिवशी बायका घरून निघू शकतात, म्हणून खोली बाजाराच्या दिवशी उघडी असे. मिरचीची पिशवी बाकड्याखाली ठेवून बायका बसायच्या. एकदा मी बाईंना खडूचा डबा द्यायला दारापर्यंत गेलो होतो, तेव्हा आत एक पन्नाशीची बाई बसलेली होती. पाठीवर पोलकं टेकवता येत नव्हतं म्हणून पुढे वाकून बसली होती. “चुलीर पडलंय,” ती म्हणाली. पाठीनं कुणी चुलीवर पडत नाही. मुलीनं विचारलं, “आणि तो खंय होतो?” ती बाई अगदी साध्या आवाजात म्हणाली, “माज्या पाठीर.” मी खडूचा डबा दारातच ठेवून परत आलो. त्या दिवशी मला वर्गात शिकवता आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी आलं, हेही लिहायला हवं.

पावसाळा संपला की तहसील कचेरीत पडझडीचे आकडे जमा होतात, कुणाची भिंत गेली, कुणाचं छप्पर गेलं. बाई म्हणाल्या, घरांची पडझड सरकार लिहून घेतं, बायकांची आपण लिहू. त्यावरून त्यांच्या भित्तिपत्राचं नाव ‘पडझड’ झालं. कॉलेजच्या पुढच्या व्हरांड्यात, नोटीस बोर्डाशेजारी ते लागायचं. माझं अक्षर चांगलं आहे. बक्षीस समारंभाच्या पाट्या, निरोपसमारंभाची मानपत्रं मीच लिहीत असे. बाईंनी मला विचारलं आणि मी आनंदानं हो म्हणालो. मजकूर त्यांचा, अक्षर माझं.

त्यांचे दोन नियम होते. भिंतीवर प्रत्येक बाईचं नाव शेवंती आणि प्रत्येक शेवंती पडली ती पायरीवर. खरी जागा कुठलीही असो, कागदावर पायरी. मला मालवणी शब्दांचा फार नाद. गावोगावचे शब्द मी गोळा करत असे आणि ते बोलून दाखवण्यात मला मोठेपणा वाटे. मला ती पायरी खटकू लागली. मी त्यांना म्हणालो, “बाई, सगळ्याच पायरीवर कशा पडतात? वाचायला एकसुरी वाटतं. प्रत्येकीनं आपापला शब्द सांगितलेला असतो, तो किती जिवंत असतो...” बाई एरवी माझ्याशी प्रमाण भाषेत बोलायच्या. तेव्हा एकदम मालवणीत आल्या. म्हणाल्या, “तुमका शब्द होयो, सर. माका ती बायल जिती होयी.” आणि हसल्या. मीही हसलो. तुम्हाला शब्द हवा, मला ती बाई जिवंत हवी, हे मी विनोद म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं.

मग ती आली, जिच्यासाठी मी हे लिहितो आहे. बाईंच्या नियमाप्रमाणे तिला मी शेवंतीच म्हणेन. माहेर आरोंद्याचं, लग्न करून इकडे आत एका गावात दिलेली. नवरा चिऱ्याच्या खाणीवर मुकादम. त्यांच्या घराच्या आणि वाटेच्या मधून ओहोळ जातो आणि त्यावर माडाची दोन खोडं टाकून केलेला साकव होता. त्या साकवावरून ती पाण्याची घागर घेऊन येताना तो मागून ढकलायचा. भांडण झालं म्हणून नव्हे. भांडणाशिवाय, गंमत केल्यासारखा. घागर फुटली की मग त्याबद्दल मारायचा. “खंय पडलंस?” “साकवार.” “आणि तो खंय होतो?” “साकवारच. माज्या मागसून.” हे मला बाईंनी चहा घेताना सांगितलं. मजकूर देताना मात्र त्यांनी नेहमीप्रमाणे पायरी लिहून दिली.

मी पायरी लिहिलं नाही. मी साकव लिहिलं. एवढंच. चुकून नव्हे, विचार करून लिहिलं. पायरीवर कुणी कुणाला मागून ढकलतं यात काही नाही, पण साकवावर, खाली पाणी, डोक्यावर घागर... ते चित्र मला सोडवेना. मला वाटलं, वाचणाऱ्याच्या काळजाला भिडेल. मला असंही वाटलं की बाईंनाही वाचल्यावर पटेल. त्या दिवशी त्या विद्यापीठाच्या कामाला गेल्या होत्या. कागद मी स्वतः चिकटवला.

त्या गावात साकव एकाच घरी होता. शेवंतीच्या पुतण्यानं, म्हणजे तिच्या दिराच्या मुलानं, ते वाचलं. तो आमच्याच कॉलेजात होता. घरी जाऊन हसत म्हणाला, “काका, आमचो साकव कालेजीच्या भिंतीर चडलो!” त्या पोराच्या मनात काही नव्हतं. नवऱ्यानं जेवणाच्या ताटावरून उठून शेवंतीला केसांना धरून ओढत साकवावर नेलं. आधी तिथं मारलं. तिचा हात माडाच्या खोडाला धरून राहिला होता, त्या बोटांवर टाच ठेवली. मग खाली टाकलं. पाणी ओसरलं होतं, खाली कातळ होता. कंबर मोडली. बाजूच्या बायकांनी तिला वर काढली तेव्हा सासूनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “पडली गो, घागर घेवन येय होती.” घागर घरात भरलेली होती.

बाई परत आल्या, त्यांनी भिंत पाहिली. कागद उपटून काढला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. सरळ सरकारी दवाखान्यात गेल्या आणि तिच्या खाटेपाशी बसल्या.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी शेवंतीचा नवरा कॉलेजात आला. पांढरा शर्ट, हातात छत्री. स्टाफरूमच्या दारावरून जाताना “नमस्कार, सर” म्हणाला, शुद्ध कचेरीच्या मराठीत. आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला. थोड्या वेळानं खेळाच्या खोलीकडून आवाज आला. “रांडे, माज्या घराचो साकव तुज्या भिंतीर कित्याक?” मग बाईंचा, वर्गात बोलतात तसा, “आवाज खाली करा. वर्ग चालू आहेत.” आणि मग फटका. लाकडी मुठीच्या छत्रीचा आवाज भरीव असतो. आम्ही पाच-सहा पुरुष तिथं बसलो होतो. एक जण म्हणाले, “घरगुती मामला दिसतोय.” दुसरा फटका. तिसरा. मी उठलो असं मी पुढे अनेकांना सांगितलं. खरं म्हणजे मी खुर्चीच्या हातावर हात ठेवला होता आणि तो तसाच राहिला. पलीकडून मुली धावल्याचा आवाज आला. कबड्डीच्या टीममधल्या मुली होत्या. त्यांनी हॉकीच्या काठ्या उचलल्या. एकीनं त्याच्या गुडघ्यावर अशी घातली की तो तिथंच बसला, आणि बसल्यावरही त्या थांबल्या नाहीत. बाईंनीच त्यांना थांबवलं. आम्ही पोचलो तेव्हा तो जमिनीवर विव्हळत होता आणि बाई टेबलाला टेकून उभ्या होत्या. डाव्या कानातून रक्त येऊन मानेवरून पदरात उतरत होतं. मला बघून म्हणाल्या, “सामानाची खोली दिली ते बरं झालं, नाही?”

दवाखान्यात संस्थेचे अध्यक्ष आले. कॉलेजच्या नावाची त्यांना काळजी होती. ते डॉक्टरांना हळूच म्हणाले, “बाई पायरीवरून पडल्या असं लिहिलं तर?” पट्टी बांधलेल्या बाई खाटेवर उठून बसल्या. “मी पडले नाही. मला मारलं. असंच लिहा.” आमच्या भागात एखाद्या बाईनं हे वाक्य दवाखान्यात उच्चारलेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. त्यामुळेच नवऱ्यावर खटला झाला, त्यात शेवंतीचंही प्रकरण जोडता आलं आणि तो काही काळ आत गेला. बाईंचा डावा कान मात्र कायमचा गेला.

नंतर संस्थेची बैठक झाली. ‘पडझड’ची जुनी पानं टेबलावर पसरलेली होती. अध्यक्ष माझ्याकडे वळले. “अक्षर तुमचं आहे, सर.” बाई लगेच म्हणाल्या, “अक्षर त्यांचं, मजकूर माझा. जागेचं नाव जायला नको होतं. चूक माझी.” आता मी बोलायचं होतं. सगळे पुढच्या कागदाकडे गेले आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. ‘पडझड’ बंद झालं. बाहेरच्या बायकांनी कॉलेजात येऊ नये असं ठरलं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि बाजाराच्या दिवशी येणाऱ्या बायकांना त्या विद्यार्थिनींच्या पाहुण्या म्हणू लागल्या. माझी मात्र वेतनवाढ, बढती, लोकांतला मान, सगळं जागच्या जागी राहिलं.

एकदा मी सांगायचा प्रयत्न केला. कॉलेज सुटल्यावर आम्ही दोघं एस.टी.ची वाट बघत स्टँडवर उभे होतो. मी मनातल्या मनात जुळवून ठेवलेलं सगळं बोललो. साकव मी लिहिला, मुद्दाम लिहिला, तुम्ही माझं नाव का घेतलं नाही, मी त्या दिवशी उठलो नाही... एका दमात बोललो आणि थांबलो. बाई रस्त्याकडे बघत होत्या. मग माझी चाहूल लागल्यासारख्या वळून म्हणाल्या, “काही म्हणालात? त्या बाजूनं नको, या बाजूनं बोला.” मी त्यांच्या डाव्या हाताला उभा होतो. मी उजव्या बाजूला गेलो. त्या कान पुढे करून थांबल्या. मी म्हणालो, “काही नाही. गाडीला उशीर होणार असं दिसतंय.”

त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं की त्यांनी मला दुसरी संधी दिली होती, हे मला कधीच कळणार नाही. डोक्यावरचा तो मार आणि गेल्या महिन्यात फुटलेली शीर यांचा संबंध नाही असं डॉक्टर म्हणतात. ते शिकलेले आहेत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण माझा विश्वास बसत नाही.

बाईंचा बारावा झाल्यावर मी आरोंद्याला गेलो. शेवंती आता भावाच्या घरी असते. खाडीकडे तोंड करून घराच्या पडवीत शिलाईचं मशीन टाकलं आहे. एक पाय ओढत चालते. तिनं मला पाणी दिलं, ओळखलं, बाईंसाठी डोळे पुसले. मग मी सांगितलं. भिंतीवरचा शब्द बाईंनी नव्हे, मी घातला होता. तिनं मशीनवरचा हात काढला नाही. कापड संपेपर्यंत शिवत राहिली.

“मगे माका कित्याक सांगतास?” ती म्हणाली. “कंबर बरी जातली?”

मी म्हणालो, मला राहवत नाही.

“तुमका रवणा नाय म्हणान हंयसर इलास. बाई जिती आसताना सांगूचा होता. मार तेंच्या कानार बसलो.” ती जरा थांबली. “माफी मागतास तर ती मी देणंय नाय. तुमी गावात चांगले म्हणान फिरतास, तसे फिरा. माका काय नको.”

मी विचारलं, हे सगळं पेपरात लिहू का. लिहिलं तर तो शब्द पुन्हा छापावा लागेल. तिला त्रास होईल असं काही मी पुन्हा करणार नाही. त्यावर ती हसली. त्या हसण्यात मला कुठं जागा नव्हती.

“लिवा. नाव माझा घालू नका. साकव घाला. माका सोडचिठी मिळाली, तो मुंबयक गेलो आणि थंय आता शिमिटाचो पूल झालो. आता तुमचो शब्द कोणाक लागाचो नाय.”

त्यानंतर ती उठून आत गेली. मी पडवीत थोडा वेळ बसलो आणि मग उठून निघालो.

परवा बाजाराचा दिवस होता. बाईंच्या जागी अजून कुणी आलेलं नाही, किल्ली प्राचार्यांनी माझ्याकडे दिली आहे. मी खोली उघडली. शैला आणि आणखी दोघी आल्या. मी आत उभा होतो तर शैला म्हणाली, “सर, तुमी भायर.” मी बाहेर आलो. व्हरांड्यात खुर्ची ओढली आणि दाराला पाठ करून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेन असा बसलो. याहून मला काही करता येण्यासारखं नव्हतं.

आत बाकडी अजून टेबलाच्या उजव्या अंगालाच आहेत. डावी बाजू मोकळी. बाईंना तिकडून ऐकू येत नसे, म्हणून गेली कित्येक वर्षं सगळ्याजणी उजवीकडेच बसत आल्या, आणि बाईंची खुर्ची आता रिकामी असली तरी कुणी काही हलवलेलं नाही. एक बाई आली. हिरवं लुगडं, हातात भाजीची पिशवी, गाल सुजलेला. ती आत जाताना मी मान वळवली. खुर्चीकडे बघून ती घुटमळली, बसली. कुजबुजू लागली. मला दारात काही ऐकू येत नव्हतं, आणि ते बरंच होतं. एवढ्यात शैलाचा आवाज आला, सवयीनं, “वायच मोठ्यान सांग गो, बाईंक आयकाक येणा नाय...”

आत एकदम शांत झालं. शैलाच्या लक्षात आलं असावं. कुणी रडलं नाही, कुणी काही सावरलंही नाही. मग त्या बाईनं घसा खाकरला आणि पहिल्यापासून, मोठ्यानं, रिकाम्या खुर्चीला ऐकू जाईल असं सांगायला सुरुवात केली.